निवेदकाची बोली : सामुदायिक रेडिओकडे साहित्याच्या अंगाने पाहताना

पौषात स्वामी विवेकानंदांच्या जयंतीला हिवरा आश्रमात जी पंगत बसते, तिच्याविषयी बुलडाणा जिल्ह्यात कुणाला वेगळे सांगावे लागत नाही. शुकदास महाराजांच्या विवेकानंद आश्रमाचा हा उत्सव. मोकळ्या शेतात माणसे ओळी धरून बसतात, पुऱ्या आणि वांग्याची भाजी ट्रॅक्टरमधून ओळींपर्यंत येते आणि स्वयंसेवक वाढत पुढे सरकतात. एवढ्या माणसांना एका वेळी बसवायचे आणि उठवायचे, तर लाउडस्पीकर लागतोच. एका वर्षी मी माईकच्या अगदी जवळ बसलो होतो. माईकवरचा तरुण शेजारच्या पोराला म्हणाला, ‘‘अरे, तो ट्रॅक्टर इकडं आनजो. या पंगतीले अजून भाजी नाई भेटली. काहून उभा हायेस?’’ लगेच त्याने माईकचे बटण दाबले, घसा साफ केला आणि तीच गोष्ट साऱ्या मैदानाला सांगितली, ‘‘स्वयंसेवकांना नम्र सूचना आहे, कृपया पूर्वेकडील पंक्तींकडे लक्ष द्यावे.’’

ट्रॅक्टर हलला तो पहिल्या वाक्याने. दुसरे वाक्य मैदानभर घुमले आणि विरून गेले.

हा प्रसंग गंमत म्हणून मी अनेकांना सांगितला आहे. पुढे सामुदायिक रेडिओवरचे कार्यक्रम ऐकू लागलो, त्यांच्याविषयी वाचू लागलो, तेव्हा त्यातला प्रश्न उमगू लागला. तो मुलगा मेहकर तालुक्यातला, समोर बसलेली बहुतेक माणसे याच मुलखातली. त्याने कोणते मराठी बोलावे हे त्याला कुणीही बजावले नव्हते. तरी माईक हातात येताच त्याची बोली गळून पडली. माईकची मराठी आणि तोंडची मराठी वेगळी असते, हे तो कुठे शिकला? आणि ज्या यंत्रणेचा जन्मच मुळी ‘लोकांनी लोकांशी बोलावे’ म्हणून झाला, त्या सामुदायिक रेडिओने हे शिकणे मोडले की पक्के केले? या निबंधात मला एवढ्याच प्रश्नाचा माग घ्यायचा आहे.

संवाद बोलीत, निवेदन प्रमाण

‘निवेदक’ हा शब्द मराठीत दोन ठिकाणी येतो. कथा-कादंबरीत गोष्ट सांगणारा तो निवेदक आणि रेडिओवर कार्यक्रमाची ओळख करून देणारा तोही निवेदकच. हा योगायोग मला फार बोलका वाटतो, कारण दोन्हीकडे घडलेली गोष्ट एकच आहे.

आपल्या ग्रामीण साहित्याचा प्रदीर्घ काळ एक अलिखित संकेत होता. पात्रांनी आपल्या बोलीत बोलावे आणि लेखकाने प्रमाण मराठीत सांगावे. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘माणदेशी माणसं’ (१९४९) मध्ये माणसे माणदेशी बोलतात. ती माणसे कशी आहेत हे मात्र आपल्याला स्वच्छ, नितळ, सर्वांना कळेल अशा मराठीत सांगितले जाते. उद्धव शेळक्यांच्या ‘धग’ (१९६०) मध्ये कौतिकचे वऱ्हाडी बोलणे हा कादंबरीचा प्राण आहे. ते वाचताना आमच्याकडच्या वाचकाला कुणीतरी आपल्या ओसरीवर येऊन बसल्यासारखे वाटते. पण संवादाची अवतरणचिन्हे मिटली की भाषा पुन्हा पुस्तकाकडे झुकते. यात त्या लेखकांचे उणे काढण्याचा हेतू नाही. वाचक दूरदूरचा होता आणि त्याला हाताशी धरून गावात न्यायचे होते. पण या रचनेतून एक श्रेणी आपोआप तयार होते. बोलीत माणूस दुःख सांगू शकतो, भांडू शकतो, हसवू शकतो. जगाविषयी विधान करायचे, तर ते प्रमाण भाषेत.

हा संकेत मोडल्याची उदाहरणे आहेत आणि ती महत्त्वाची आहेत. आनंद यादवांनी ‘गोतावळा’ (१९७१) सबंध बोलीत सांगितली. तिथे सालगड्याच्या तोंडून केवळ त्याचे सुखदुःख येत नाही. शेत, जनावरे, यंत्राचे येणे, मालकाचे बदलणे हे सारे जग त्याच्याच भाषेत उभे राहते. आमच्या जिल्ह्यातल्या खामगावच्या पुरुषोत्तम बोरकरांनी ‘मेड इन इंडिया’मध्ये वऱ्हाडीलाच निवेदनाची भाषा केले. ही पुस्तके वाचताना कळते, की बोलीला संवादातून निवेदनात आणणे हा शैलीपुरता बदल नसतो. जग समजावून सांगण्याचा अधिकार कुणाकडे, हा प्रश्न त्यात असतो.

सामुदायिक रेडिओची समीक्षा करायची तर इथूनच सुरुवात करावी असे मला वाटते. आपल्याकडे या माध्यमावर लिहिले जाते ते बहुधा विकासाच्या अंगाने: किती शेतकऱ्यांना माहिती मिळाली, किती महिलांचे आरोग्य सुधारले. ते मोलाचे आहेच. पण रेडिओ ही आधी बोललेली भाषा आहे. साहित्याच्या वाचकाने तिच्याकडे भाषा म्हणून कान द्यायला हवा.

पुण्यातला १९५६ चा प्रयोग

श्रोत्याला बोलते करण्याची कल्पना आपल्याकडे नवी नाही, आणि तिचे एक मोठे पान महाराष्ट्रातच लिहिले गेले. १९५६ च्या फेब्रुवारी ते एप्रिल या काळात आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने ‘रेडिओ शेतकरी मंडळां’चा प्रयोग केला. पाच जिल्ह्यांतली सुमारे दीडशे गावे त्यासाठी निवडली होती. आठवड्यातून दोनदा, अर्ध्या अर्ध्या तासाचे, एकूण वीस कार्यक्रम झाले. प्रत्येक गावात साधारण वीसजणांचे मंडळ रेडिओसमोर बसे, कार्यक्रम ऐके, मग त्यावर चर्चा करी. चर्चेतून निघालेले प्रश्न निमंत्रक केंद्राकडे कळवीत आणि त्यांची उत्तरे पुढच्या कार्यक्रमांतून दिली जात. मूळ कल्पना कॅनडातल्या शेतकरी रेडिओ मंडळांची. मूल्यमापन मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेकडे होते. पॉल न्यूराथ यांच्या अभ्यासाने दाखवले, की नुसता रेडिओ असलेल्या गावांपेक्षा मंडळ असलेल्या गावांत माणसे कितीतरी अधिक शिकली. म्हणजे ज्ञान वाढले ते ऐकण्यापेक्षा ऐकल्यावर बोलण्याने.

हा निष्कर्ष आज वाचताना दोन गोष्टी जाणवतात. एक, रेडिओ हे एकतर्फी माध्यम आहे असे आपण सहज म्हणतो, ते खरे नाही. त्याला एकतर्फी ठेवले जाते. दुसरी, त्या प्रयोगातही गावाचा प्रश्न पत्राने पुण्याला जाई आणि निवेदकाच्या तोंडून परत येई. प्रश्न गावाचा, आवाज केंद्राचा. पुढे १९५९ पासून ही मंडळे देशभर नेण्यात आली आणि संख्या वाढता वाढता त्यांतला जीव कमी होत गेला.

याच काळात, १९५५ पासून, व्यंकटेश माडगूळकर पुणे आकाशवाणीच्या ग्रामीण कार्यक्रमांत होते आणि पुढची कितीतरी वर्षे तिथेच राहिले. माणदेशातून आलेला, बोलीचा इतका नेमका कान असलेला लेखक त्या खुर्चीत असणे हे मराठी श्रोत्याचे भाग्यच म्हणायचे. गावाची भाषा स्टुडिओत आली ती अशा माणसांमुळे. तरीही ती पाहुणी म्हणून आली. कार्यक्रमाच्या आत तिला जागा होती, कार्यक्रमाच्या उंबरठ्यावर नव्हती.

लहरी कुणाच्या?

ही मांडणी बदलण्याची शक्यता निर्माण झाली ती एका क्रिकेट स्पर्धेच्या भांडणातून. १९९३ च्या हिरो चषकाच्या प्रक्षेपणावरून बंगाल क्रिकेट असोसिएशन आणि केंद्र सरकार यांच्यात वाद झाला. त्याचा निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९५ मध्ये म्हटले, की ध्वनिलहरींचा मार्ग ही सार्वजनिक मालमत्ता आहे. तिच्यावर ना सरकारची मक्तेदारी असावी ना खासगी धनिकांची. मुख्य निकालपत्र न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांचे होते. त्या निकालातून खासगी एफएम वाहिन्यांना बळ मिळाले हे सर्वांना ठाऊक आहे. ‘सार्वजनिक’ या शब्दाचा दुसरा अर्थ अमलात यायला मात्र वेळ लागला. २००२ च्या डिसेंबरमध्ये नामांकित शिक्षणसंस्थांना छोटे रेडिओ केंद्र चालवण्याची मुभा मिळाली. १ फेब्रुवारी २००४ रोजी चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचे केंद्र सुरू झाले. पुणे विद्यापीठाची ‘विद्यावाणी’ २००५ मध्ये आली. स्वयंसेवी संस्था आणि कृषी विज्ञान केंद्रे यांना दार उघडले ते २००६ च्या नोव्हेंबरात. आज देशात अशी पाचशेच्या आसपास केंद्रे आहेत.

केंद्र म्हणजे काय, हे ज्यांनी पाहिले नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एक-दोन खोल्या, भिंतींना आवाज शोषणारे आच्छादन, संगणक, मिक्सर, दोन-तीन माईक आणि बाहेर फार तर ३० मीटर उंचीचा मनोरा. प्रक्षेपणाची शक्ती साधारण १०० वॅटची. एफएमच्या लहरी सरळ रेषेत जातात, डोंगर आडवा आला की अडतात. त्यामुळे आवाज पोचतो तो दहा-पंधरा किलोमीटर. निम्मे तरी कार्यक्रम स्थानिक पातळीवर तयार झालेले असावेत, ते शक्यतो स्थानिक भाषेत वा बोलीत असावेत, असे धोरणच सांगते. जाहिरातींना २००६ मध्ये तासाला ५ मिनिटे होती, आता १२ आहेत.

हिवरा आश्रम मध्यबिंदू धरून नकाशावर पंधरा किलोमीटरचे वर्तुळ काढले, तर सुमारे ७०० चौरस किलोमीटरचा मुलूख त्यात येतो. आकाशवाणीच्या मोठ्या केंद्रापुढे तो नगण्य. पण भाषेच्या दृष्टीने पाहा: या वर्तुळात ‘मले’ म्हटल्यावर कुणाला अर्थ सांगावा लागत नाही. दूरच्या वाचकाला हाताशी धरायचे, ही ग्रामीण लेखकाची जी अडचण होती, ती इथे उरतच नाही. निवेदनाने प्रमाण भाषेत असण्याचे सगळ्यांत मोठे कारण या वर्तुळात गैरलागू होते. तरीही आमचा माईकवरचा मुलगा भाषा बदलतो. म्हणजे कारण संपले, सवय राहिली.

म्हसवड आणि पस्तापूर

सवय मोडता येते, याची दोन उदाहरणे मला महत्त्वाची वाटतात.

पहिले सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडचे. माण तालुक्यातले हे गाव, म्हणजे माडगूळकरांच्याच माणदेशातले. चेतना गाला सिन्हा यांच्या पुढाकाराने इथे १९९७ मध्ये माणदेशी महिला बँक उभी राहिली. बँकेचा पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेने नाकारला होता, कारण प्रवर्तक सभासदांपैकी अनेकींनी सहीऐवजी अंगठा उठवला होता. बायका अक्षरे शिकल्या, पुन्हा गेल्या आणि म्हणाल्या, आम्हाला वाचता येत नसेल पण हिशेब येतो; कोणत्याही रकमेचे व्याज तोंडी काढायला सांगा आणि तेच तुमच्या अधिकाऱ्यांनाही सांगा. ही हकीकत बँकेच्या संदर्भात नेहमी सांगितली जाते. मला ती रेडिओच्या संदर्भात अधिक अर्थपूर्ण वाटते. लिहिता न येणे म्हणजे न कळणे, ही समजूत तिथे मोडली गेली. आणि पुढे २००८ मध्ये त्याच संस्थेने ९०.४ मेगाहर्ट्‌झवर ‘माणदेशी तरंग’ सुरू केले. ज्या माध्यमात अंगठा आणि सही यांत फरकच नाही, ते माध्यम या बायकांनी हाती घेणे हा त्या उत्तराचा पुढचा भाग होता. इथे ओव्या आहेत, गाणी आहेत, जनावरांच्या आजारांची, आरोग्याची, धंद्याच्या हिशेबाची माहिती आहे. शाळेत न गेलेली बाई इथे केवळ मुलाखत द्यायला येत नाही, ती कार्यक्रमही सादर करते. माडगूळकरांनी माणदेशी माणसांना आपल्या निवेदनातून आपल्यापुढे आणले. त्यांच्याच मुलखात साठ वर्षांनी ही माणसे स्वतः निवेदक झाली. मराठी वाङ्मयेतिहासात याची नोंद एका ओळीने तरी व्हायला हवी.

दुसरे उदाहरण आपल्या शेजारच्या तेलंगणातले, जहीराबादजवळच्या पस्तापूर परिसरातले. डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या दलित शेतकरी महिलांचे ‘संघम रेडिओ’ १५ ऑक्टोबर २००८ रोजी सुरू झाले. उद्घाटनाला न्यायमूर्ती सावंत आले होते. १९९५ चा निकाल असा फिरून मातीला लागला. पण मला त्या आधीची दहा वर्षे अधिक मोठी वाटतात. स्टुडिओ, यंत्रे, शिकलेल्या बायका सगळे १९९८ च्या सुमारास तयार होते, परवाना नव्हता. तेव्हा या बायका कार्यक्रम ध्वनिमुद्रित करीत आणि कॅसेट गावोगावच्या बैठकींत नेऊन ऐकवीत. बियाणे, भरडधान्ये, बाळंतपण, गाणी हे सारे आपल्या भागाच्या तेलुगूत. शहरी तेलुगू त्यांच्या बोलीला हसते, हे त्यांना माहीत होते. आपला रेडिओ हवा याचे ते एक कारण होते.

वऱ्हाडी माणसाला हे वेगळे समजावून सांगायला नको. आमची बोली बाहेर ऐकू येते ती बहुधा हशासाठी. विनोदी कार्यक्रमात, सिनेमातल्या नोकराच्या तोंडी, कविसंमेलनात टाळ्या घेण्यासाठी. हसवणे हा वऱ्हाडीचा गुण आहेच. पण ज्या भाषेत फक्त हसवता येते असे मानले जाते, त्या भाषेत कपाशीवरच्या बोंडअळीविषयी, सिकलसेलविषयी, पीकविम्याच्या मुदतीविषयी गंभीरपणे बोलले की ऐकणारा आधी हसतो. त्याचे ते हसणे थांबेपर्यंत रोज बोलत राहणे, हे सामुदायिक रेडिओचे वाङ्मयीन काम आहे असे मी मानतो.

जिथे आवाज अडतो

इथपर्यंत लिहिलेले वाचून वाटेल, की बोली माईकवर आली म्हणजे झाले. तसे नाही. तीन अडथळे मला दिसतात आणि त्यांतला एकही भाषेच्या हौसेने दूर होणारा नाही.

पहिला कायद्याचा. सामुदायिक रेडिओला बातम्या आणि चालू घडामोडी प्रसारित करता येत नाहीत. हवामान, परीक्षा, नोकरीच्या जागा, उत्सव, आरोग्याचा इशारा, वीज आणि पाणीपुरवठ्याविषयी स्थानिक प्रशासनाने दिलेली सूचना, हे चालते. या यादीची भाषा नीट वाचा. ‘उद्या नळाला पाणी येणार नाही’ हे प्रशासनाने कळवले तर ते सांगता येते. ‘आठ दिवस पाणी का आले नाही’ असे गावाने विचारले, तर ते चालू घडामोडींत मोडण्याची भीती. म्हणजे सूचना चालते, प्रश्न अडतो. व्याकरणाच्या भाषेत सांगायचे तर आज्ञार्थाला परवानगी आहे, प्रश्नार्थाला नाही. आमच्या बोलीतला सर्वांत जिवंत शब्द ‘काहून’ हा आहे. बोलीला माईक द्यायचा आणि तिचा ‘काहून’ काढून घ्यायचा, तर उरते ती बोलीची नक्कल.

दुसरा अडथळा मालकीचा. नाव सामुदायिक असले तरी परवाना समुदायाला मिळत नाही. तो नोंदणीकृत संस्थेला मिळतो: विद्यापीठ, कृषी विज्ञान केंद्र, न्यास, स्वयंसेवी संस्था. हे व्यवहारात अटळ असेल. पण संस्थेचा आवाज निवेदनात झिरपतो. बारामतीची ‘शारदा कृषी वाहिनी’ शेतीविषयी अधिकाराने बोलते, कारण मागे कृषी विज्ञान केंद्र आहे. नाशिकच्या ‘रेडिओ विश्वास’ने २०२० मध्ये शाळा बंद पडल्यावर ‘शिक्षण सर्वांसाठी’ हा उपक्रम चालवून तिसरी ते दहावीचे पाठ मुलांपर्यंत पोचवले. घरात स्मार्टफोन नसलेल्या मुलाला रेडिओतून शाळा ऐकू येणे, ही लहान गोष्ट नव्हती. ही कामे मी मनापासून वाखाणतो. तरी समीक्षकाने विचारले पाहिजे, की या कार्यक्रमांत शिक्षक कोण आणि विद्यार्थी कोण, हे आधीच ठरलेले असते का? शेतकरी सल्ला ऐकतो. सल्ला चुकला हे सांगायला तो कधी माईकवर येतो? त्यात पैशाची ओढ. केंद्र आणि राज्य सरकारे व सार्वजनिक हिताची माहिती देणाऱ्या संस्था यांखेरीज कुणाला कार्यक्रम प्रायोजित करता येत नाही, स्थानिक दुकानदाराच्या जाहिरातीतून मिळकत तुटपुंजी. मग सरकारी संदेश चालवावे लागतात. हे संदेश बहुधा दिल्लीत किंवा मुंबईत लिहिलेले, हिंदीतून मराठीत आलेले. दोन ओव्यांच्या मध्ये ‘आपल्या नजीकच्या केंद्राशी संपर्क साधा’ असे ऐकू आले, की हिवऱ्याच्या मैदानातले ते नम्र सूचनेचे वाक्य मला पुन्हा आठवते.

तिसरा अडथळा आपल्याच घरातला. ‘समुदाय’ हा शब्द एकवचनी आहे, गाव तसे नसते. मेहकर-लोणारकडची वऱ्हाडी अकोल्याच्या वऱ्हाडीसारखी नाही. तिच्यात मराठवाड्याचा वारा आहे. तांड्यावर गोरमाटी बोलली जाते. बौद्धवाड्यातल्या भीमगीतांना एक परंपरा आहे, देवळातल्या हरिपाठाला दुसरी. बाई ओसरीवर जशी बोलते तशी सासऱ्यासमोर बोलत नाही. यांपैकी कोणती ‘आपली’ बोली? प्रमाण मराठीच्या जागी गावातल्या वजनदार घराची बोली बसवली, तर निवेदक बदलला पण श्रेणी तशीच राहिली. म्हणून बोली या शब्दाने मला हुरळून जायचे नाही. माझी कसोटी याहून साधी आहे: आठवडाभराच्या कार्यक्रमांत उंबरठ्यावर, म्हणजे निवेदनाच्या जागी, किती वेगवेगळी माणसे उभी राहिली? आतल्या मुलाखती मोजून उपयोग नाही. मुलाखत म्हणजे कादंबरीतला संवाद. तिथे गावाला पूर्वीपासूनच जागा होती.

तीन महिन्यांची स्मृती

आता शेवटचा मुद्दा, आणि माझ्या दृष्टीने सर्वांत काळजीचा. धोरणानुसार केंद्राने प्रसारित केलेला प्रत्येक कार्यक्रम तीन महिने जपून ठेवायचा असतो. हेतू तक्रार आली तर तपासता यावे हा. कायद्याच्या दृष्टीने तीन महिन्यांनी त्या आवाजाचे काम संपते. संगणकाची जागा अपुरी, माणसे अपुरी; जपणे हे कुणाच्या कामाच्या यादीत नसते.

याउलट एक उदाहरण मराठीत डोळ्यांसमोर आहे. गी पॉइटवॅं आणि हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांसह जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्यांची संख्या एक लाखाच्या वर गेली. जाते बंद पडत असताना त्या ओव्या टिपल्या गेल्या, म्हणून आज त्यांच्यावर विचार करता येतो. जात्यावर बसलेली बाई एकटीच निवेदक असते. ती भावाविषयी बोलते, सासरविषयी बोलते, विठ्ठलाशी भांडते, आंबेडकरांचे गुण गाते. तिच्या सांगण्याला वरून दुसऱ्या कुणाचे निवेदन जोडावे लागत नाही. सामुदायिक रेडिओचा खरा पूर्वज मला आकाशवाणीपेक्षा जात्यात दिसतो. आणि जात्यावरच्या ओव्या जपणारे जसे भेटले, तसे या आवाजांना भेटले नाहीत तर आपल्या काळातली फार मोठी मौखिक संपत्ती दर तीन महिन्यांनी पुसली जात राहील.

मेहकरला हे कळायला हवे. ना. घ. देशपांडे मेहकरचे. त्यांचा ‘शीळ’ हा संग्रह १९५४ मध्ये आला. पण त्याच्या किती तरी आधी ती कविता जी. एन. जोशींच्या आवाजात ध्वनिमुद्रिकेवरून महाराष्ट्रभर गेली होती. म्हणजे आमच्या तालुक्याचा कवी लोकांनी आधी ऐकला, मग वाचला. त्या वेळी आवाज तबकडीवर कोरलेला होता, म्हणून टिकला. आज आवाज काढणे कितीतरी सोपे झाले आहे आणि तो टिकवण्याचा विचार तेवढाच दुर्मीळ.

साहित्याच्या नियतकालिकांनी इथे काही करता येईल का? मला वाटते, येईल. नाटकाचे परीक्षण आपण छापतो, चित्रपटाचे छापतो. एखाद्या केंद्राचा एक आठवडा सलग ऐकून त्याच्या भाषेविषयी लिहिलेले परीक्षण मात्र मी वाचलेले नाही. निवेदक कोण होता, प्रश्न कुणी विचारला, विराम कुठे आला, बोली कोणत्या क्षणी गळून पडली, हे टिपणारे लेखन हवे. विद्यापीठांच्या मराठी विभागांना आपल्याच आवारातल्या केंद्रापासून सुरुवात करता येईल. निवडक ध्वनिमुद्रणे संबंधितांच्या परवानगीने ग्रंथालयात ठेवता येतील. एवढे झाले तरी तीन महिन्यांची मर्यादा ओलांडली जाईल. बातम्यांवरची बंदी उठवणे आपल्या हातात नाही; पण त्या बंदीमुळे कोणती वाक्ये उच्चारलीच गेली नाहीत, हे समीक्षा दाखवू शकते.

तो माईकवरचा मुलगा पुढे काय करतो मला माहीत नाही. त्याचा मला राग नव्हता, आजही नाही. त्याने जे केले ते मीही करतो: हा निबंध मी घरी ज्या भाषेत बोलतो त्या भाषेत लिहिलेला नाही. संपादक, वाचक, विषय यांचा विचार करता करता माझाही घसा साफ झाला. त्यामुळे निवेदकाला दोष देणे मला शोभणारे नाही. येत्या पौषात हिवऱ्याला जाणार आहे. या खेपेला माईकपासून दूर, पंगतीच्या मधोमध बसेन. भाजी यायला उशीर झाला की तिथे माणसे काय काय बोलतात, ते ऐकायचे आहे.